दोन तासांचं ऑफिस

ढमढेरे साहेबांना मी फोनवर अगदी ठणकावून सांगितलं, "हो, आमचं ऑफिस खराडीत आहे," तेव्हा मी दौंडमध्ये आमच्या शिलाई युनिटच्या दारात, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मशीनचा तुटलेला पट्टा धरून उभी होते. खराडीला मी आयुष्यात एकदाच गेले होते, तेही रिक्षावाल्याने रस्ता चुकवला म्हणून.

खोटं का बोलले ते आधीच सांगून टाकते. आमचं युनिट पंचशीलनगरमध्ये, समाजमंदिराच्या मागे. पत्र्याची लांब खोली, चौदा मशीनं, अकरा बाया. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे साहेब युनिट बघायला आले होते. मशीनं बघितली, शर्ट उलटा करून टीप बघितली, "फिनिशिंग चांगलंय" म्हणाले. मग भिंतीवरचे फोटो बघितले. मग माझं आडनाव पुन्हा विचारलं, जे त्यांच्या हातातल्या कार्डावर छापलेलं होतं. आमच्या काजं-बटणंवाल्या सिंधूबाईंनी पाणी ठेवलं, चहा ठेवला. दोन्ही तसंच राहिलं. "ॲसिडिटी आहे," म्हणाले. पाण्याने ॲसिडिटी कधीपासून वाढायला लागली, देव जाणे. ते काम पुढे दुसऱ्याला गेलं, आमच्यापेक्षा महाग दराने. तेव्हापासून माझ्या कार्डावर हडपसरच्या मावसभावाच्या फ्लॅटचा पत्ता आहे, आणि दौंडला मी कुणालाही येऊ देत नाही.

ढमढेरे साहेब म्हणजे शिक्रापूरच्या एका कारखान्याचे परचेस मॅनेजर. कामगारांचे गणवेश, बावीसशे जोड, वर्षातून दोनदा. एवढं काम मिळालं तर आमची मशीनं वर्षभर थांबत नाहीत. नाही मिळालं तर काय, तेही ठरलेलं होतं. शाळांचे गणवेश संपल्यापासून आमच्याकडे काम नव्हतं. शितल, माझी कटिंगवाली, तिला आणि आणखी चौघींना कुरकुंभच्या एका ठेकेदाराने पॅकिंगला बोलावलं होतं. "ताई, म्हैनाआखेर वाट बघतो, मग जातो," असं त्यांनी मला नीट तोंडावर सांगितलं होतं. पाच जणी गेल्यावर युनिट राहत नाही, खोली राहते.

साहेब म्हणाले होते, "नवीन व्हेंडर घ्यायचा तर आधी एकदा ऑफिसला येऊन जावं लागतं. पुण्यात कुठे असेल तर बरं, मी वाघोलीला राहतो." वाघोलीजवळ काय, तर खराडी. म्हणून खराडी.

मग खोली शोधणं आलं. शहरात मीटिंगची खोली तासावर मिळते, हे शितलने मोबाईलवर शोधून दिलं. सहा खुर्च्यांची खोली, किमान दोन तास. इथपर्यंत ठीक. पण भिंतीवरचा स्क्रीन वापरायचा तर वेगळे पैसे. फळ्यावर लिहायचा मार्कर वेगळा. पाण्याच्या दोन बाटल्या मोफत, तिसरी मागितली की मोजा. चहा कुपनावर. बाहेरचं खाणं आणायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, वेळ संपल्यावर एक मिनिट थांबायचं नाही. आमच्या समाजमंदिराचा हॉल दिवसभर घ्या, खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचा जार आणि रखवालदाराची बडबड सगळं एकाच भाड्यात येतं. इथल्या खोल्यांना डोंगरांची नावं. एव्हरेस्ट बारा माणसांची, ती परवडत नव्हती. मला अँडीज मिळाली. शनिवारी अकरा ते एक.

आदल्या दिवशी मी सॅम्पलच्या शर्टांना लेबलं लावत बसले होते. आईने विचारलं, "उद्या कुठं निघालीस?"

"खराडीला. ऑफिसला."

"कुणाच्या?"

माझ्या दातांत टाचण्या होत्या. दातांत टाचण्या असल्या की माणूस थोडक्यात बोलतो. मी म्हणाले, "माझ्याच."

एवढंच बोलले. त्याचं पुढे काय होईल याचा विचार करायला मला फुरसत नव्हती, आणि आईला भरपूर होती.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघून मी साडेदहाला खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत पोचले. तिसऱ्या मजल्यावर प्राची नावाची मुलगी काउंटरला होती. तिने हसतहसत एकेक अडचण काढायला सुरुवात केली.

"मॅम, ही गोणी आत नाही नेता येणार."

"गोणी नाही. सॅम्पल आहेत."

"हो, पण गोणीत आहेत ना."

शेवटी मी शर्टांचे गठ्ठे काढून दोन फेऱ्यांत हातावर नेले आणि रिकामी गोणी काउंटरखाली ठेवली. त्यासाठी लगेज टॅग मिळाला. मग पाहुण्याचं नाव ॲपमध्ये भरायचं, पाहुण्याच्या मोबाईलवर आकडे येणार, ते आकडे खाली दाखवले तरच लिफ्ट. "आमच्या ऑफिसला या" म्हणून बोलावलेल्या माणसाला त्याच्या मोबाईलवर दुसऱ्याच कंपनीच्या नावाने आकडे गेले तर तो काय समजेल? मी प्राचीला विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यांना जातात, मॅम."

एक गोष्ट मात्र छान होती. अँडीजच्या दाराशेजारी एक छोटा स्क्रीन होता आणि त्यावर माझ्या फर्मचं नाव इंग्रजीत झळकत होतं. करुणा गारमेंट्स, अकरा ते एक. मी दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. खोटं असलं तरी बरं दिसत होतं.

सव्वाअकराला आतला फोन वाजला. "मॅम, तुमचे गेस्ट आलेत. तिघं आहेत."

ढमढेरे साहेब साडेअकराला यायचे होते, तेही एकटे. तिघं म्हणजे ऑडिटवाले आणले की काय, या धास्तीने मी पदर सावरत बाहेर आले. बाहेर आई उभी होती. पांढरी साडी, केसांना तेल, हातात पिशवी. शेजारी मच्छिंद्रमामा, रेल्वेतून रिटायर झालेले, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. आणि त्यांच्या मागे सिंधूबाई, ज्यांनी या वेळी दौंडमध्ये काजं-बटणं करत असायला हवं होतं. सिंधूबाईंच्या छातीशी दोन मोठे फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कागद फाटून एका कोपऱ्यातून निळा कोट दिसत होता.

मी आधी लिफ्टकडे बघितलं, साहेब येत नाहीत ना.

"आई, तू इथं कशी?"

"कशी म्हंजी? ल्येकीनं पुण्यात हापिस काढलं आन् वंदना न्हाई घ्यायची व्हय? तू तर काय सांगायची न्हाईस. शितलनं पत्ता दिला."

"आन् वर सोडलं कुणी तुमाला?"

मामा खूश होते. "खालचा वाचमन आपल्या वरवंडचा निघाला. त्याचा चुलता माझ्यासंगं यार्डात होता. म्हणला, जावा मामा."

म्हणजे ढमढेरे साहेबांना आकडे दाखवल्याशिवाय लिफ्ट नाही, आणि माझ्या मामांना यार्डातल्या चुलत्यावर तिसरा मजला. मी प्राचीकडे बघितलं. ती नम्रपणे म्हणाली, "मॅम, सहाच्या आत आहेत, चालेल."

त्यांना घेऊन मी आत शिरत होते तेवढ्यात मामा दाराच्या स्क्रीनपाशी थांबले. इंग्रजी वाचून म्हणाले, "ताईबाई, बघ, नाव हाय हिचं दारावर." आई त्या नावाकडे बघत राहिली. तिला अक्षरं कळत नाहीत, पण हात लावून बघितलं. मग विचारलं, "आन् म्होरं काय लिवलंय?"

"आकरा ते एक. टाईम आसंल हापिसाचा."

"दोनच घंटं?"

"सायेब लोकांचं तसंच असतंय," मामा म्हणाले.

इथे मी खरं सांगायला हवं होतं. आई, हे माझं नाही, दोन तासांचं भाडं भरलंय, एक वाजता हे नाव पुसणार आहेत. पण तिचा हात अजून त्या स्क्रीनवर होता, आणि साहेब यायला दहा मिनिटं होती. मी दार उघडून धरलं.

आत गेल्यावर सिंधूबाईंनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि दोन्ही फोटो भिंतीवरच्या स्क्रीनला टेकवून उभे केले. बुद्ध आणि बाबासाहेब. मोगऱ्याची फुलं, पेढ्यांचा बॉक्स, मेणबत्तीचा पुडा, उदबत्ती. भिंतीवर आगीचं चिन्ह आणि त्यावर लाल फुली होती. मी म्हणाले, "मेणबत्ती नको. छताला यंत्र हाय, बोंबलायला लागंल."

"मेणबत्ती न्हाई तर वंदना कशी घ्यायची?"

"आई, पाया पडते तुझ्या. माझा माणूस येतोय. आत्ता न्हाई."

"पाच मिंटं लागत्यात. येऊ दे की त्यो बी, हात जोडंल."

तिडीक माझ्या डोक्यात गेली. हेच तर टाळायला मी दौंड सोडून इथे आले होते. यासाठीच भाडं भरलं, गोणी उपसली, साडीला स्टार्च केला. आणि ज्या फोटोंकडे बघून मागच्या साहेबांना ॲसिडिटी झाली होती, तेच फोटो गाडीने, रिक्षाने, वरवंडच्या वॉचमनच्या कृपेने माझ्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावर आले होते.

शेवटी मेणबत्तीशिवाय वंदना झाली. मामांनी खड्या आवाजात सुरुवात केली. मोठ्याने बोलायचं नाही हा नियम बाहेरच्या पाटीवर होता. काचेच्या पलीकडे लॅपटॉपवाली पोरं मान वर करून बघायला लागली. मी हात जोडून उभी होते आणि जोडलेल्या हातांच्या फटीतून मोबाईलवरचं घड्याळ बघत होते. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्यापाशी, माझा आवाज आपोआप बारीक झाला. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

वंदना संपल्या संपल्या मी फोटो उचलले आणि टेबलाखाली शर्टांच्या गठ्ठ्यामागे ठेवले. आईने ते बघितलं.

"खाली का ठिवतीस?"

"पडत्याल म्हणून."

"भितीला खिळा न्हाई का एक?"

"आई, बाहेर बसा तिघं. सोफा हाय, एसी हाय. आन् कुणाशी बोलू नका."

तिने मामांना, सिंधूबाईंना खूण केली. पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि गेली. तिच्या पाठीकडे बघून मला गलबलून आलं, पण ते आवरायलाही वेळ नव्हता. टेबलावर मोगरा सांडला होता तो गोळा केला, स्क्रीन लावून बघितला. स्क्रीन निळा होऊन बसला. प्राचीला फोन केला, तिने एक पोरगा पाठवला, त्याने वायर काढून पुन्हा लावली आणि "आज नाही होणार" असं सांगून निघून गेला. स्क्रीनचे पैसे आधीच घेतले होते.

साडेअकरा वाजले, पावणेबारा झाले. साहेब नाहीत. फोन केला तर म्हणाले, "मी मघाशीच आलोय, बाहेर बसलोय." मी धावत बाहेर आले. सोफ्यावर एका बाजूला आई, मधे ढमढेरे साहेब, दुसऱ्या बाजूला मामा. पन्नाशीचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ, मांडीवर फाईल. त्यांच्या शर्टावर पेढ्याचा चुरा पडला होता. मी आईकडे बघितलं नाही. अनोळखी बाई असल्यासारखी तिच्या पुढून गेले आणि शुद्ध पुणेरी आवाजात म्हणाले, "नमस्कार सर, या ना. उशीर झाला, क्षमा करा."

ते उठले. आईला म्हणाले, "येतो." आई म्हणाली, "बरंय."

आत बसल्यावर मी सुरू झाले. हे आमचं मुख्य ऑफिस. स्टाफ चार जणांचा, आज सगळे साइटवर आहेत. युनिट कुरकुंभ एमआयडीसीत, लवकरच वाढवणार. साहेब मान हलवत होते, मधूनच शर्टाची कॉलर वाकवून बघत होते, कापडाचा चुरगाळा करून सोडत होते. कपड्याबद्दल विचारलं त्याची उत्तरं खरी होती आणि मला झोपेतही देता आली असती. बाकी सगळं मी रचत होते, आणि रचलेलं लक्षात ठेवत होते.

"वॉशरूम कुठे आहे हो?" त्यांनी मधेच विचारलं.

स्वतःच्या मुख्य ऑफिसातली वॉशरूम कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. "डावीकडे," मी खात्रीने म्हणाले. दोन मिनिटांनी ते परत आले.

"तिथे झाडू-बादल्या आहेत."

"मग उजवीकडे," मी म्हणाले. याहून शहाणं उत्तर कुणाला सुचत असेल तर त्याने सांगावं.

ते परत आल्यावर दर, मुदत, धुतल्यावर रंग किती टिकतो, हे सगळं झालं. दर त्यांना पटला असं वाटलं. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच दार वाजलं आणि प्राचीने डोकं आत घातलं. "मॅम, दहा मिनिटं राहिलीत. एकचं बुकिंग आहे, रूम क्लीन करून द्यावी लागेल."

दार बंद झालं. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली.

ढमढेरे साहेब म्हणाले, "स्क्रीन अजून दुरुस्त केला नाही वाटतं यांनी. गेल्या महिन्यात आमचे इंटरव्ह्यू याच खोलीत होते. तेव्हाही निळाच होता."

म्हणजे इथली वॉशरूमही त्यांना माझ्याआधीच माहीत होती.

"भाड्याने खोली घेतलीत त्याचं मला काही नाही, मॅडम. निम्मे व्हेंडर घेतात." त्यांनी फाईलमधून एक छापील फॉर्म काढला आणि पेन उघडलं. "मला फक्त युनिटचा पत्ता लागतो. तुम्ही सांगितलात तो लिहू, की आईंनी सांगितला तो?"

"आईंनी?"

"वीस मिनिटं बोलत होतो त्यांच्याशी. मला पेढा दिला आणि विचारलं, तुमी करुणाच्या हापिसात कामाला का? मग म्हणाल्या, मशीनं आमच्या घराशेजारीच आहेत, कधी दौंडला आलात तर या. चौदा मशीनं, अकरा बाया. तुमचं कुरकुंभ कुठे बसतंय त्यात?"

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी आईचा राग आला. मग या माणसाचा, की तासभर सगळं माहीत असून मला बोलू दिलं. आणि तो राग फिरून माझ्यावरच आला तेव्हा मी पुणेरी आवाज सोडून दिला.

"मग ऐका. मागं एक सायेब आलं हुतं युनिटला. शिलाई पसंत पडली त्यांना. मग वस्ती बघितली, भिंतीवरचे फोटो बघितले. ठिवलेलं पाणी तसंच ऱ्हायलं. काम गेलं. मी काय दर सायबाला वस्ती दाखवत बसू आन् दर खेपंला काम घालवू? अकरा बाया हायेत माझ्याकडं."

त्यांनी माझं समाधान वगैरे केलं नाही.

"झालं असेल तसं. आमच्या कंपनीतही तसे आहेत, नाहीत असं मी सांगणार नाही. पण फॉर्म मी भरतो. ऑडिटवाले लिहिलेल्या पत्त्यावर जातात. तिथे युनिट नसलं तर तुमचं काम जाईलच, माझी नोकरी पण जाईल. गुरुवारी मी येतो युनिट बघायला. लाईट, मशीनं, आग विझवायचा सिलिंडर, मागचा दरवाजा. असलं तर पुढे पाठवतो, नसलं तर नाही. बोला."

बाहेर एकच्या बुकिंगवाले जमायला लागले होते. काचेतून त्यांचे बूट दिसत होते. मी पत्ता सांगायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणा साहेबाला सांगत होते.

"करुणा गारमेंट्स. समाजमंदिरामागं." त्यांनी लिहिलं. "पंचशीलनगर."

माझे डोळे त्यांच्या पेनावर होते. आडनाव पुन्हा विचारणारी माणसं त्या शब्दापाशी जरा थबकतात, ते मला ओळखता येतं. पेन थबकलं नाही. पंचशीलनगर लिहून झालं, पुढे स्वल्पविराम पडला.

"दौंड. जिल्हा पुणे."

"पिनकोड?"

मी तोंड उघडलं आणि तिथेच अडकले. डोक्यात हडपसरचाच पिनकोड येत होता. पुन्हा आठवायला गेले, पुन्हा हडपसर. कार्डावर, कोटेशनवर, कुरिअरवर इतक्या वेळा तोच लिहिला होता की जिथे जन्मले, जिथे रोज उठते, तिथले सहा आकडे माझ्याजवळ नव्हते.

"एक मिनिट," मी म्हणाले आणि उठून दार उघडलं. एकवाल्यांच्या घोळक्यापलीकडे सोफ्यावर आई बसली होती, मांडीवर रिकामा बॉक्स.

"आई, आपला पिनकोड काय गं?"

आजूबाजूची पोरं बघायला लागली. आईला अक्षरं येत नाहीत, पण वडील भुसावळकडे बदलीवर होते त्या नऊ वर्षांत तिने शेजारच्या पोरांकडून पत्रं लिहून घेतली होती, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता दर वेळी तोंडाने सांगितला होता. ती उभी राहिली आणि तिथूनच सांगायला लागली, एकेक आकडा सुटा करून, लिहिणाऱ्याला वेळ मिळेल असा.

"चार. एक. तीन."

आत साहेब लिहीत होते. आठपासून पुढचे आकडे मी तिच्याबरोबर म्हणाले.